सासूची साक्ष

इलोइलो शहर
११ जून १९९८

प्रिय नानाय,

तुमचा हात कपाळाला लावून नमस्कार करते. हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. आधीची दोन फाडली, कारण वाचताना माझी मलाच लाज वाटली.

एल्मर घर सोडून गेल्याला सोळा तारखेला चौदा महिने होतील. तो तुम्हाला दावाओला बिल्डिंगच्या वायरिंगच्या कामावर आहे असं सांगतो ना? तो बाकोलोदला आहे. एका बाईबरोबर राहतो. शिवणाच्या दुकानातल्या माझ्या मैत्रिणीने स्वतः पाहिलं. तो तिला ओळखून हसला, आणि 'अनेलिन बरी आहे ना?' असं विचारलंसुद्धा.

मी एका वकीलबाईंकडे गेले होते, मिसेस सोलिदुम. माझं लग्न मोडता येईल का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "बाई, या देशात नवरा मोडतो, घर मोडतं, बायको मोडते. लग्न तेवढं मोडत नाही." मग त्यांनी एकेक वाट दाखवली आणि एकेक बंदही केली. कोर्टाकडून वेगळं राहायची परवानगी मिळते, पण गाठ तशीच राहते. नवरा चार वर्षं बेपत्ता असेल तर तो मेला असं मानतात, पण एल्मर बेपत्ता कुठे आहे? बोटीने तासाभरावर आहे. मी परदेशी माणसाशी लग्न केलं असतं आणि त्याने आपल्या देशात जाऊन घटस्फोट घेतला असता, तर मीही सुटले असते. तेवढी अक्कल मला तेव्हा नव्हती.

उरतं एक कलम, छत्तिसावं. लग्न लागलं त्या दिवशीच नवरा लग्नाचा भार वाहायला मनाने असमर्थ होता असं सिद्ध झालं, तर ते लग्न मुळात झालंच नाही असं कोर्ट म्हणू शकतं. दारू, बाया, आळस एवढ्याने भागत नाही. ते त्याच्यात लहानपणापासून होतं आणि बरं होण्यातलं नाही, हे दाखवावं लागतं. एक मानसशास्त्रज्ञ बाई सगळ्यांशी बोलून अहवाल लिहितात.

त्याचं लहानपण मी पाहिलेलं नाही, नानाय. तुम्ही पाहिलंय.

लोरेलीच्या शाळेच्या कागदांवर दर वेळी बापाची सही मागतात. मी थकलेय. तुम्ही एकदा त्या बाईंशी बोलाल का?

तुमची,
अनेलिन

---

एस्तान्सिया
२८ जून

इंदाय,

पोरी, तुझं पत्र मिळालं. वाचून उशाखाली ठेवलं.

लग्न झालंच नाही म्हणजे काय? त्या लग्नात मी दोन डुकरं कापली. चाळीस माणसं होडीतून आणली. पाद्रीबाबांनी तुमच्या खांद्यांवरून लग्नाची दोरी घातली तेव्हा मी पहिल्या बाकावर होते. ते सगळं काय मी स्वप्नात पाहिलं? डुकरं तरी खरी होती.

आणि लोरेली? आईबापांचं लग्न झालंच नाही, तर ती कोण? बाजारात पोरं तिला काय म्हणतील, याचा विचार त्या वकीलबाईने केलाय का?

माझा एल्मर वेडा नाही. शहाणं, गोड लेकरू होतं ते. कधी रडून गोंधळ घातला नाही, कधी कोणाला दगड मारला नाही. जो सांभाळील त्याच्याकडे गुपचूप राहायचा. त्याला बायकांची खोड लागली, ती मोठेपणी, त्या कंत्राटदारांच्या नादाने. मी त्याला पाठीशी घालत नाही. पण आई असून कोर्टात उभी राहून माझं पोर जन्मापासून नासकं होतं असं सांगू? आपलेच दात आणि आपलेच ओठ, इंदाय. चावू कोणाला?

मी या गावात कोण आहे ते तुला ठाऊक आहे. कोणाकडे मयत झालं की नऊ दिवस जपमाळ सांगायला मलाच बोलावतात. मी लग्न पुसायला गेले तर उद्या मला कोण दारात उभं करील?

एक विचारते, राग मानू नकोस. दुसरं कोणी आहे का?

सुकी मासळी पाठवतेय. खार कमी घातलाय, लोरेलीला चालेल.

नानाय पुरिंग

---

इलोइलो शहर
१५ जुलै

प्रिय नानाय,

मासळी मिळाली. लोरेलीने दोन दिवसांत संपवली.

आधी तिच्याबद्दल. मी वकीलबाईंना हेच विचारलं होतं. या कलमाने लग्न रद्द झालं तरी मूल औरसच राहतं, तसं कायद्यातच लिहिलंय. तिचं नाव, आडनाव, काही बदलत नाही.

दुसरं कोणी नाही.

तुम्ही म्हणता बायकांची खोड. तेवढंच असतं तर मी भांडले असते, रडले असते, बाकीच्या बायकांसारखी निभावून नेलं असतं. पण तो जातो, नानाय. भांडण नाही, काही नाही. लोरेलीच्या पाचव्या वाढदिवसाला पाहुणे बसले होते, सरबतात घालायला बर्फ कमी पडला. 'आणतो' म्हणाला आणि गेला. अकरा महिन्यांनी आला. येताना बर्फ घेऊन आला. मी दारात उभी, तो पिशवी पुढे करतो आणि हसतो. मला वाटलं, मलाच वेड लागलंय.

असा तो चार वेळा गेला. चारही वेळा मी बाहेर असताना, नाहीतर तो काहीतरी आणायला म्हणून. 'जातो' असं एकदाही सांगितलं नाही. लोरेली आता तो घरात असला की संडासालासुद्धा जात नाही, बाबा जाईल म्हणून.

एक सूचना. ही पत्रं कोणाला दाखवू नका. अर्ज दाखल झाला की सरकारी वकील चौकशी करतो, नवराबायकोने मिळून हे नाटक बसवलंय का म्हणून. आपण दोघींनी ठरवून साक्ष रचली असं त्याला वाटलं, तर सगळं तिथेच संपेल. मी तुम्हाला काय बोला ते सांगत नाही. फक्त या, एवढंच म्हणते.

अनेलिन

---

एस्तान्सिया
२ सप्टेंबर

अनेलिन,

एल्मर आलाय. गेल्या मंगळवारी, माशांच्या होडीतून. तीन शर्ट आणि एक पंखा घेऊन. पंखा माझ्यासाठी.

मी त्याला काही बोलले नव्हते. तोच जेवताना म्हणाला, "नानाय, तुझ्या सुनेचं कळलं का? सेर्हियो म्हणून एक विधुर आहे, जीपनी गाड्यांचा मेकॅनिक. रोज संध्याकाळी तिच्या घरी जेवायला असतो. जेवायलाच असतो की आणखी कशाला, ते शेजाऱ्यांना विचार."

मी म्हटलं, "तू स्वतः कुठे जेवतोस?"

तो म्हणाला, "माझं वेगळं. मी पुरुष आहे. कायद्यातच वेगळं आहे. मी नुसती तक्रार केली, की ती आणि तो, दोघं तुरुंगात."

त्याच्याकडे कागद आहे. कोणाकडून तरी टाइप करून आणलाय. मी पाहिला. तुझं नाव, त्या माणसाचं नाव, तारखा. खाली सहीची जागा तेवढी कोरी.

मी तुला सरळ विचारलं होतं. तू सरळ 'नाही' लिहिलंस. एवढी वर्षं मी लोकांना सांगत आले की माझी सून एका शब्दाची आहे. तुला माझी साक्ष हवी होती, आणि मला खरं सांगायला तू तयार नव्हतीस.

पंखा चालत नाही. तो दुरुस्त करतोय.

पुरिंग

---

इलोइलो शहर
९ सप्टेंबर

नानाय,

खरं आहे ते. मी खोटं बोलले. तुम्ही 'नाही' म्हणाल म्हणून नाही, तुमच्या नजरेतून उतरेन म्हणून.

सेर्हियोला मी दोन वर्षं ओळखते. लोरेलीची सायकल दुरुस्त करायला आला होता. तो येतो, जेवतो, ताट धुतो आणि सांगून जातो. 'उद्या येणार नाही, परवा येईन,' असं म्हणतो आणि परवा येतो. एवढ्याशा गोष्टीचं कोणाला काय वाटेल, पण मी त्यावरच भाळले.

कायद्याचं एल्मर म्हणतो तसंच आहे. बाई एकदा जरी चुकली तरी गुन्हा. पुरुषाने दुसरी बाई घरात आणून ठेवली पाहिजे, नाहीतर चारचौघांत तमाशा केला पाहिजे, तेव्हा कुठे त्याचा गुन्हा होतो. तक्रार फक्त नवराच करू शकतो. मी तुरुंगात गेले तर लोरेली त्याच्याकडे जाईल. त्याच्याकडे म्हणजे कुठे?

सेर्हियोला मी येऊ नकोस म्हणून सांगितलंय. दारावर थाप पडली की मी शिवण टाकून उठते. काल वीजबिलवाला होता, त्याला मी दाराआडूनच पैसे दिले.

एल्मरने सही केली का? तेवढं कळवा. शिव्या द्यायच्या असतील तर त्याही द्या, पण आधी ते.

अनेलिन

---

एस्तान्सिया
४ ऑक्टोबर

इंदाय,

सही केली नाही. कागद माझ्याकडे आहे. त्याने आजवर कुठलं काम शेवटाला नेलंय? पंखाही अर्धा खोलून ठेवलाय.

तो गेला. तुला उशिरा लिहितेय, कारण गेला त्यानंतर मला काही सुचेना.

झालं असं. नवव्या दिवशी मी मासळी वाळत घालत होते. तो म्हणाला, "नानाय, स्क्रू आणतो." मी 'बरं' म्हटलं. दुपारी घरात येऊन पाहते तर शर्ट नाहीत. मी खाली बसले. तुझी आठवण झाली, बर्फाची. आणि मग जी आठवण झाली ती मी तीस वर्षं कोणाला सांगितलेली नाही, पाद्रीबाबांपुढे कबुलीच्या खुर्चीतही नाही. मला ते पाप वाटतच नव्हतं.

एल्मर पाच वर्षांचा असताना त्याचा बाप, आबुन्दियो, मिंदानाओला जमीन मिळते म्हणून गेला आणि परत आला नाही. वर्षभरात घरात खायला काही उरलं नाही. मी मनिलाला मोलकरणीच्या कामाला निघाले. एल्मरला माझ्या चुलत बहिणीकडे ठेवणार होते. निघायच्या दिवशी सगळ्या बाया म्हणाल्या, पोरासमोर जाऊ नकोस, आकांत करील, होडी चुकेल. म्हणून मी त्याच्या हातात नाणं दिलं आणि म्हटलं, जा, मीठ घेऊन ये. तो पळत गेला. मी होडीत बसले.

वर्षाने नाताळला आले. तो मला सोडेना. जाताना परत मीठ. तिसऱ्या वर्षी तो मोठा झाला होता, मीठ म्हटलं की माझ्याकडे बघत राहायचा. म्हणून मी रॉकेल आणायला पाठवलं. अशी पाच वर्षं. मधल्या काळात तो चार घरांत फिरला, कारण एकाला जड झाला की दुसऱ्याकडे. मी तुला लिहिलं होतं ना, कधी रडला नाही, जो सांभाळील त्याच्याकडे गुपचूप राहायचा? ते मी गुण म्हणून सांगितलं होतं.

मी त्याला शिकवलं, इंदाय. माणसाला सोडून कसं जायचं, ते मी शिकवलं. प्रेमाने शिकवलं.

त्या बाईंना सांग, मी येते. सेर्हियोबद्दल मला आनंद झालाय असं समजू नकोस. आणि यापुढे माझ्याशी खोटं बोलू नकोस.

नानाय

---

इलोइलो शहर
१७ जुलै १९९९

प्रिय नानाय,

इतके महिने वकीलबाईंच्या सांगण्यावरून लिहिलं नाही. आता राहवत नाही म्हणून लिहितेय.

तेरा तारखेला तुमची साक्ष, आणि बाराच्या पहाटे लोरेलीला ताप चढला. डेंग्यू. मी वॉर्डात तिच्या पलंगाला धरून बसले होते, डॉक्टर दर सहा तासांनी रक्त तपासत होते. आज रक्तातल्या पेशींचे आकडे वर आलेत, पेज प्यायली. आता बरी आहे, काळजी करू नका.

वकीलबाईंना फोन केला तर त्या एवढंच म्हणाल्या, "तुझा नवरा आला होता." मी विचारलं, मग? "मग काय, बोलला. तुझी सासूही बोलली. आता न्यायाधीश काय लिहितात ते बघायचं." त्यांच्या आवाजावरून काही कळेना. तो कागद तुमच्या हाती आला तसा सेर्हियो पुन्हा येऊ लागलाय; त्याने आणलेले तिखट नूडल्स मी शेजारच्या पलंगावरच्या बाईला दिले.

नऊ महिने ज्या कोर्टाची नोटीस त्याने उघडून पाहिली नाही, तिथे तो नेमका त्या दिवशी का आला? काय म्हणाला? तुम्ही काय म्हणालात? जे असेल ते लिहा.

अनेलिन

---

एस्तान्सिया
२३ जुलै

इंदाय,

लोरेलीसाठी मी मेणबत्ती लावली. तिला पपईच्या पानांचा रस दे, डॉक्टर काही म्हणोत.

सांगते सगळं. मी पांढरा ब्लाउज घातला होता, मयताला घालते तो. माझ्याकडे दुसरा चांगला नाही. शपथ घेतली आणि मिठाचं सांगायला लागले. तुझ्या वकीलबाईंनी विचारलं तेवढं सगळं सांगितलं. मध्येच दार वाजलं. एल्मर. केस विंचरलेले, पंख्याबरोबर आणलेल्या शर्टांपैकी एक अंगात. मागच्या बाकावर बसला. मी बोलायची थांबले. न्यायाधीश म्हणाले, "आजी, पुढे." मग त्याच्यासमोर सांगावं लागलं. मला वाटलं होतं त्याच्या पाठीमागे सांगेन. तेवढीही सवलत देवाने दिली नाही.

माझं झाल्यावर तो आपणहून उभा राहिला. म्हणाला, "साहेब, मी आजारी नाही. लहानपणी सगळ्यांचीच आई कुठे ना कुठे कामाला जाते. मी सुधारेन. बायकोने बोलावलं तर आज घरी जाईन."

खोटं सांगणार नाही, माझं काळीज सुपाएवढं झालं. इतकं सरळ उभं राहून बोलताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

मग तो सरकारी वकील उठला. बारीक आवाजाचा माणूस, पण सुरीसारखा. मला म्हणाला, "आजी, तुम्ही गावात प्रार्थना सांगता. माणूस बदलू शकतो यावर तुमचा विश्वास आहे ना?"

"आहे," मी म्हटलं.

"मग तुमचा मुलगा बदलेल अशी आशा तुम्हाला आहे?"

तुझ्या वकीलबाईंनी मान खाली घातली. मला कळलं, इथे 'हो' म्हटलं की तू बुडालीस. 'नाही' म्हटलं की मी माझ्या पोराला त्याच्या तोंडावर पुरलं. मी एल्मरकडे पाहिलं. तो हसत होता, लहानपणी हसायचा तसा.

मी म्हटलं, "आशा आहे. मरेपर्यंत राहील. ती माझी आणि देवाची गोष्ट आहे. पण माझी आशा फळेपर्यंत दुसऱ्याच्या लेकीने दारात उभं राहावं, असं मी म्हणणार नाही. आज तो घरी जाईल, साहेब. खरंच जाईल. आणि एक दिवस काहीतरी आणायला बाहेर पडेल. त्याला तेव्हा स्वतःलाही माहीत नसेल की आपण परत येणार नाही. हे मी त्याची आई म्हणून सांगते."

वकील खाली बसला. न्यायाधीशांनी काहीतरी लिहिलं. किती लिहिलं ते मला दिसलं नाही.

बाहेर आल्यावर वाटलं, एल्मर निघून गेला असेल. तो पायऱ्यांवर होता. मला बाजारात घेऊन गेला, बाचोय सुपाचे दोन वाडगे मागवले. निम्मं खाल्लं. मग म्हणाला, "नानाय, त्या पहिल्या दिवशी मी मीठ आणायला गेलोच नव्हतो."

मी म्हटलं, "मग?"

"तुझं गाठोडं बांधलेलं मी सकाळीच पाहिलं होतं. उलट्या घातलेल्या होडीमागे उभा होतो. तू रडत होतीस. मी पुढे आलो असतो तर तू आणखी रडली असतीस."

सहा वर्षांचं पोर, इंदाय.

मी त्याचा हात धरला. म्हटलं, "मला तुझी माफी मागायची आहे." तो म्हणाला, "खा, निवतंय."

बस स्टँडवर त्याने माझी पिशवी चढवली. खिशात हात घालून उभा राहिला. मला ती नजर ओळखू आली. मी म्हटलं, "एल्मर, पाणी आणतो, तिकीट आणतो, काही म्हणू नकोस. जायचं तर तसं सांग."

बसवाला ओरडायला लागला. मग तो म्हणाला, "जातो, नानाय."

आयुष्यात पहिल्यांदा सांगून गेला. मी तीन तास बसमध्ये रडले, दुःखाने की कशाने, मला ठाऊक नाही. हे तुझ्या वकीलबाईंना कळू देऊ नकोस. तिकडे तो बरा होण्यातला नाही असं मी शपथेवर सांगितलंय.

नानाय

---

इलोइलो शहर
१ मार्च २०००

प्रिय नानाय,

निकाल लागला. आपल्या बाजूने.

चौदा पानं आहेत. हा विवाह प्रारंभापासूनच अस्तित्वात नव्हता, असं शेवटच्या पानावर आहे. अकराव्या पानावर तुम्ही आहात. तुमचं वाक्य न्यायाधीशांनी जसंच्या तसं घेतलंय, 'माझी आशा फळेपर्यंत' पासून. वकीलबाई म्हणाल्या, अहवालापेक्षा त्यानेच काम केलं.

मला वाटलं होतं मी नाचेन. मी दुकानात परत आले आणि शाळेच्या गणवेशांचे सहा खिसे उलटे शिवले.

सरकार अपील करील का, ही धाकधूक आहेच. मुदत संपली की हुकूम आपल्या गावच्या नगरपालिकेत नोंदवावा लागतो, कारण लग्नाची नोंद तिथे आहे. मला दुकानातून रजा नाही, दोन आठवडे डेंग्यूतच गेले होते. अधिकारपत्र दिलं तर तुम्ही तो नेऊन द्याल का? दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला मन होत नाही.

सेर्हियो लग्नाचं विचारतो. मी म्हटलं, थांब. त्याने 'किती?' विचारलं. मी सुईत दोरा ओवायला लागले. तो 'बरं' म्हणाला आणि ताट धुवायला गेला.

एल्मरचं काही कळलं का?

अनेलिन

---

एस्तान्सिया
१९ मे २०००

इंदाय,

काम झालं. अपील आलं नाही, तुझा कागद आला, मी नगरपालिकेत गेले.

एल्मर कागायानला आहे. दोन पत्रं आली. पत्ता घातलाय, खरा की खोटा देव जाणे. मी उत्तर पाठवलंय, ते अजून परत आलेलं नाही.

गावात कळलंय. मार्चमध्ये एक मयत झालं, त्यांनी मला बोलावलं नाही. दुसरीला बोलावलं, तिने चौथ्या दिवशी प्रार्थनाच चुकवली. एप्रिलमध्ये दुसरं मयत झालं, ते माझ्याकडे आले. मीही मागचं काही काढलं नाही.

नगरपालिकेत एक कारकून मुलगी आहे, दात पुढे, स्वभावाने बरी. तिने जाडजूड वही काढली, १९८८ची. तुमचं पान उघडलं आणि कडेला लाल शाईने लिहायला लागली. इतकं हळू लिहीत होती की मला वाटलं, आता थांबते की काय. लिहून झाल्यावर वाळू द्यायला पान उघडंच ठेवलं. मी पाहिलं. तुझी सही अजून आहे तशीच आहे. पुसलेलं काही नाही. नुसतं बाजूला लिहिलंय.

मी तिला विचारलं, "पोरी, १९५७ची वही आहे का?"

ती म्हणाली, "आहे, उंदरांनी थोडी खाल्लीय. कोणाचं बघायचंय?"

माझंच होतं. पान मिळालं. पुरिफिकासियोन आणि आबुन्दियो. त्याची सही माझ्या सहीपेक्षा मोठी. तेहतीस वर्षांत त्या माणसाने एक ओळ पाठवली नाही. जिवंत आहे की मेला, मिंदानाओत त्याची किती पोरं आहेत, काही ठाऊक नाही, आणि मी अजून त्याच्या नावाने सही करते. काल मासळीच्या पावतीवरसुद्धा केली.

मी विचारलं, "असा कागद काढायला वयाची अट असते का?"

ती हसली. म्हणाली, "आजी, कोणाशी लग्न करताय?"

मी हसले नाही. मला लग्न नाही करायचं. थडग्यावर माझ्या बापाचं आडनाव असावं, एवढंच आहे.

तर तुझ्या वकीलबाईंना विचार. अडुसष्ट वर्षांच्या बाईने साक्षीला कोणाला आणायचं? आबुन्दियोचं लहानपण पाहिलेलं आता कोणी उरलं नाही. माझी सासू सत्तर साली गेली. शेवटी शेवटी मनिलाला मला निरोप पाठवला होता तिने, 'ये, काही सांगायचंय.' मला मालकिणीने सोडलं नाही.

लवकर विचारून कळव.

पुरिंग